दोन निवृत्त, दोन बिऱ्हाडे

नोकरीतून मोकळे झाल्यावर राहावयाचे कोठे, हा प्रश्न आज आपल्याकडे घरोघर विचारला जातो. मुलगा समुद्रापलीकडे स्थायिक झालेला असतो, मुलगी दुसऱ्या एखाद्या मोठ्या शहरात असते, गावाकडच्या वडिलार्जित घराची कौले फुटलेली असतात, आणि शहरातल्या बिऱ्हाडात दोनच माणसे उरलेली असतात. मुलगा म्हणतो, "आता इकडेच या." आई म्हणते, "नातवंडांसाठी तरी जाऊ या." वडील काहीच बोलत नाहीत, ते पेन्शनचा आकडा आणि औषधांचा खर्च मनाशी मांडीत बसतात. हवापाणी कोठले मानवेल, पैसा कोठे पुरेल, दवाखाना कोठे जवळ पडेल, एवढ्या तीन गोष्टींचा हिशेब लागला की प्रश्न सुटला, अशी आपली समजूत असते.

हे तीनही हिशेब करावेच लागतात आणि त्यांची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. उतारवयात दवाखान्याचे अंतर हा काव्याचा विषय नसतो. परंतु इतिहासाची पाने चाळीत असताना आम्हांस असे वाटू लागले आहे की, या हिशेबाच्या वहीत एक रकाना नेहमी कोरा राहतो. तो कोणता, हे उपदेश करून सांगण्यापेक्षा एक हकिकत सांगून दाखवावे, असा आमचा विचार आहे. हकिकत आपल्याच मुलखातली आहे. तिच्यातील दोन्ही पुरुष आपणां सर्वांना शाळेपासून ठाऊक आहेत. मात्र त्यांची ओळख आपल्याला आहे ती १८१८ पर्यंतची. आम्हांस आज बोलावयाचे आहे ते त्यांच्या पुढच्या आयुष्याबद्दल.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुपारी खडकीच्या माळावर लढाई जुंपली, तेव्हा दुसरे बाजीराव पेशवे पर्वतीवरून ती पाहत होते. त्यांच्या दरबारातील इंग्रजांचा रेसिडेंट, मौंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन, संगमावरचा आपला बंगला सोडून खडकीच्या छावणीत जाऊन मिळाला होता. त्या दिवशी मराठ्यांच्या फौजेने संगमावरचा बंगला जाळला, आणि एल्फिन्स्टनने वीस वर्षे जमविलेली पुस्तके व टिपणे त्या आगीत गेली. बारा दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले. म्हणजे त्या एका महिन्यात दोघांचीही घरे गेली. परंतु एकाचे घर जळाले तरी त्याचे सरकार शाबूत होते. दुसऱ्याचा वाडा जागच्या जागी उभा राहिला आणि राज्य मात्र बुडाले. पुढची सारी कथा या एका फरकातून निघते.

बाजीरावांचे पुढचे सात महिने धावपळीत गेले. कोरेगाव झाले, आष्टीस २० फेब्रुवारी १८१८ रोजी बापू गोखले पडले, आणि अखेर ३ जून १८१८ रोजी अशीरगडच्या आसपास पेशवे सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले. त्या वेळी त्यांचे वय त्रेचाळीस वर्षांचे होते. माल्कमने घातलेल्या अटी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. बाजीरावांनी स्वतःसाठी व आपल्या वारसांसाठी राज्यावरचा हक्क सोडावा. एक दिवसही न दवडता दक्षिण सोडून हिंदुस्थानात, म्हणजे उत्तरेत, जावे. काशी अथवा दुसरे एखादे पवित्र क्षेत्र, त्यांच्या विनंतीवरून गव्हर्नर जनरल ठरवून देतील तेथे त्यांनी राहावे. आणि त्यांच्या व त्यांच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी सालीना आठ लाखांहून कमी नाही इतके पेन्शन त्यांना मिळावे. आठ लाख हा आकडा गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जला फार वाटला. परंतु माल्कमने शब्द दिला होता, म्हणून तो त्याने मान्य केला.

या अटींत एक विलक्षण गोष्ट आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात घरदार सोडून गंगातीरी जाऊन राहावे, ही आपली जुनी रीत. काशीवास हे कित्येकांच्या आयुष्याचे साध्य असे. पेशव्यांच्या घरातही ते नवीन नव्हते. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव यांनी १८०३ साली इंग्रजांशी करार करून सात लाखांचे पेन्शन घेतले आणि ते उत्तरेत जाऊन राहिले. बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी आप्पा यांनीही पुढे काशीलाच मुक्काम केला. म्हणजे वरवर पाहणाऱ्याला वाटावे की, बाजीरावांनाही शास्त्राने सांगितलेलेच मिळाले: राज्याची उपाधी सुटली, गंगेचा काठ लाभला, निर्वाहाची चिंता उरली नाही. वानप्रस्थाला आणखी काय हवे?

पण वानप्रस्थ हा आश्रम मनुष्य आपण होऊन स्वीकारतो. येथे तो तहनाम्याच्या कलमाने लादला गेला होता. क्षेत्र कोणते, हे शेवटी ठरविणारा गव्हर्नर जनरल होता. त्याने ठरविले ते काशी नव्हे, तर बिठूर, ज्याला आपण ब्रह्मावर्त म्हणतो ते. काशीसारख्या ठिकाणी साऱ्या देशाच्या यात्रेकरूंचा राबता. पदच्युत पेशव्याने तेथे बसून राहणे कंपनीला परवडण्यासारखे नव्हते हे उघड आहे. बिठूर हे कानपूरच्या वरच्या अंगास, गंगेच्या उजव्या काठावर, सुमारे सहा कोसांवर आहे. कानपूरला कंपनीची मोठी छावणी होती. म्हणजे क्षेत्र पवित्र होते, आणि पहारा जवळ होता. १८१९ च्या आरंभी बाजीराव तेथे पोहोचले. त्यांच्यावर देखरेखीसाठी कंपनीचा एक कमिशनर नेमला गेला. पहिला कमिशनर जॉन लो हा माल्कमच्याच हाताखालचा तरुण अंमलदार होता.

तेथे बाजीराव सुमारे बत्तीस वर्षे राहिले. हा आकडा ऐकून श्रोत्यांपैकी अनेकांना आश्चर्य वाटेल. पुण्याच्या गादीवर ते १७९६ च्या डिसेंबरात बसले. म्हणजे पेशवाई त्यांनी साडेएकवीस वर्षे केली आणि निवृत्ती त्याहून दीडपट भोगली! आपल्या पाठ्यपुस्तकात मात्र ही सारी वर्षे एका वाक्यात उरकतात.

त्या बत्तीस वर्षांत बाजीरावांनी काय केले? वाडा बांधला, स्नानसंध्या केली, दानधर्म चालविला, लग्ने केली. त्यांच्या मागोमाग दक्षिणेतून हजारो माणसे ब्रह्मावर्तास गेली: आश्रित, पुराणिक, शागिर्द, आचारी, कारकून, पागेतले लोक. गंगेच्या काठावर एक छोटे पुणे वसले. तेथे मराठी बोलली जाई, आपले सण साजरे होत, वाड्यावर पंगती उठत. आज परदेशी आपली मंडळी महाराष्ट्र मंडळे काढतात, गणपती बसवितात. त्यांना ही वस्ती ओळखीची वाटेल. फरक इतकाच की, ब्रह्मावर्ताच्या साऱ्या वस्तीचे पोट एका माणसाच्या पेन्शनीवर चालत होते, आणि त्या माणसाला स्वतःचे असे कोणतेही काम उरलेले नव्हते.

आम्ही बाजीरावांचे वकीलपत्र घेतलेले नाही. त्यांच्या कारभारावर इतिहासकारांनी जे कोरडे ओढले आहेत त्यांतले पुष्कळसे योग्य आहेत. परंतु एक गोष्ट आम्हांला नेहमी हेलावून जाते. अफगाणिस्तानच्या युद्धात कंपनीचा खजिना अडचणीत आला तेव्हा बाजीरावांनी तिला पाच लाख रुपये कर्जाऊ दिले. आणि शिखांशी युद्ध उद्भवले तेव्हा एक हजार स्वार व एक हजार पायदळ स्वखर्चाने देऊ केले. ज्या सरकारने राज्य घेतले त्याला त्याच सरकारने दिलेल्या पैशांतून कर्ज! याला कोणी लाचारी म्हणेल. आम्हांला त्यात दुसरेही काही दिसते. आपण अजून कोणाच्या तरी उपयोगी आहोत, आपल्या शब्दाची कोठेतरी नोंद होते, हे पाहण्याची रिकाम्या माणसाची ती धडपड आहे. सत्तरीच्या घरातल्या त्या वृद्धाला कंपनीने लढाई मागितली नव्हती आणि सल्लाही मागितला नव्हता. त्याने गप्प राहून जगावे, एवढीच तिची अपेक्षा होती.

आता दुसऱ्या बिऱ्हाडाकडे वळू.

एल्फिन्स्टनचा जन्म ६ ऑक्टोबर १७७९ चा. कंपनीच्या नोकरीत तो १७९६ साली कलकत्त्यास उतरला तेव्हा सोळा वर्षांचा पोर होता. त्यानंतर एकतीस वर्षे तो एकदाही घरी गेला नाही. काशी, पुणे, आसईच्या लढाईत वेलस्लीच्या शेजारी घोड्यावर, नागपूर, १८०९ साली पेशावरपर्यंत अफगाणांच्या राजाकडे वकिलात, १८११ पासून पुन्हा पुणे, मग पेशवाईच्या जिंकलेल्या मुलखाचा कमिशनर, आणि १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. त्याचे शाळेतले शिक्षण अर्धवट सुटलेले. ग्रीक आणि फारसी तो तंबूत दिव्याच्या उजेडात शिकला. त्याने लग्न केले नाही. सोळाव्या वर्षी सोडलेला देश हा त्याचा देश म्हणावयाचा की नाही, हा प्रश्न १८२७ साली त्याच्यापुढे होता. ज्या वयात मनुष्याची मैत्री जमते, सवयी बनतात, स्वभाव पक्का होतो, ते सारे वय त्याने आपल्याकडे काढले होते. पुण्याचे ऊन त्याला परिचयाचे होते. लंडनचे धुके अनोळखी होते.

तरीही तो गेला. जाण्याची त्याची मनोवृत्ती कशी होती हे सांगणारी एक आठवण त्याचा सहकारी जॉन ब्रिग्ज याने लिहून ठेवली आहे. १८१९ च्या सुमारास एल्फिन्स्टनच्या तंबूच्या कोपऱ्यात त्याला मराठी छापील पुस्तकांची चळत दिसली. ही कशाला, असे विचारता येथल्या लोकांना शिकविण्यासाठी, असे उत्तर मिळाले. मग एल्फिन्स्टनने अशा अर्थाचे म्हटले की, हा आपला युरोपास परत जाण्याचा राजमार्ग आहे, आणि तरीही तो तयार करणे आपले कर्तव्य आहे. जिंकलेल्या मुलखाची घडी नुकतीच बसत असताना, तेथून आपल्याला एक दिवस जावे लागणार आहे, हे त्याने ओळखले होते. आपण येथे बिऱ्हाडकरू आहोत हे ज्या घरमालकासारख्या वागणाऱ्या माणसाला कळते, तो निराळा माणूस म्हटला पाहिजे.

नोव्हेंबर १८२७ मध्ये, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, त्याने मुंबई सोडली. निरोपाच्या वेळी मुंबईच्या लोकांनी वर्गणी जमविली आणि तिच्यातून त्याच्या नावाने अध्यापकांच्या जागा निर्माण करण्याचे ठरले. एल्फिन्स्टन कॉलेजचे मूळ तेथे आहे. त्याने मात्र घरची वाट सरळ धरली नाही. मिसर, पॅलेस्टाईन, ग्रीस, इटली असा फिरत फिरत तो १८२९ साली इंग्लंडला पोहोचला. ज्या ग्रीकांची पुस्तके तंबूत वाचली त्यांचा देश डोळ्यांनी पाहून घ्यावा, ही इच्छा तर त्यात होतीच. परंतु घर म्हणून ज्याला म्हणावे त्या अनोळखी ठिकाणी जाण्याची त्याला फारशी घाई नव्हती, असाही अर्थ त्या दीड वर्षांच्या प्रवासातून आम्ही काढतो. एकतीस वर्षांनी परतणाऱ्या माणसाचे पाऊल जरा जड पडणारच.

इंग्लंडमध्ये त्याला मान होता. हिंदुस्थानच्या गव्हर्नर जनरलची जागा १८३४-३५ च्या सुमारास त्याला दोन वेळा देऊ करण्यात आली आणि त्याने ती दोन्ही वेळा नाकारली. कॅनडाची जागाही त्याने घेतली नाही. प्रकृती साथ देत नाही, हे त्याचे कारण होते आणि ते खोटे नव्हते. मग हा मनुष्य करीत काय होता? तो हिंदुस्थानचा इतिहास लिहीत होता. १८४१ साली त्याचा हिंदू व मुसलमानी काळाचा इतिहास दोन खंडांत प्रसिद्ध झाला, आणि पुढे कित्येक वर्षे आपल्या विद्यापीठांतून तो अभ्यासला गेला. इंग्रजी सत्तेच्या उदयाचा पुढचा भाग त्याच्या हातून अपुरा राहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर १८८७ साली छापला गेला. अखेरची वर्षे त्याने सरे परगण्यात लिम्प्सफील्डजवळ हुकवुड येथे काढली. वाचन, लेखन, पाहुण्यांशी हिंदुस्थानविषयी बोलणे, आणि सल्ला विचारणाऱ्यांना सविस्तर पत्रे, हा त्याचा दिनक्रम. साताऱ्याचे राज्य १८४८ साली खालसा झाले तेव्हा त्या धोरणाविषयीची आपली तीव्र नापसंती त्याने हुकवुडच्या बाजूने, पत्रांतून, स्पष्ट कळविली. आपणच उभे केलेले संस्थान आपल्याच लोकांनी गिळावे हे त्याला मानवले नाही. २० नोव्हेंबर १८५९ रोजी, ऐंशी वर्षे पुरी करून, तो तेथेच वारला.

म्हणजे बाजीराव सुमारे बत्तीस वर्षे ब्रह्मावर्तात आणि एल्फिन्स्टन निवृत्तीनंतर बत्तीस वर्षे परदेश झालेल्या स्वदेशात! खडकीला समोरासमोर आलेल्या या दोन पुरुषांना काळाने निवृत्तीचे जवळजवळ सारखेच माप घातले. एकाला पैसा उदंड होता, क्षेत्र होते, भोवती आपली भाषा बोलणारे हजारो लोक होते. दुसऱ्याजवळ बेताचे उत्पन्न, नाजूक प्रकृती, बायकामुले नाहीत आणि बालपणी सोडलेला देश. आपल्या नेहमीच्या हिशेबाने पाहिले तर बाजीरावांची सोय अधिक चांगली लागली होती. मग त्या बत्तीस वर्षांच्या शेवटी एकाच्या हाती काही उरले आणि दुसऱ्याच्या हाती उरले नाही, हे कशामुळे?

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. "एल्फिन्स्टन उद्योगी आणि बाजीराव विलासी" असे म्हणून हात झटकणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. एल्फिन्स्टनला निवडीचा हक्क होता. तो मुंबईस राहू शकत होता, इटलीत राहू शकत होता, लंडनला राहू शकत होता. मोठी जागा घेऊ शकत होता आणि नाकारूही शकत होता. बाजीरावांना यांतले काहीच करता येत नव्हते. पुण्याला परतणे तर दूरच, पुण्याचे नाव काढणेही संशयाचे. जिंकणारा निवृत्त होतो आणि हरणारा निवृत्त केला जातो. दोघांना एकच शब्द लावणे ही भाषेची लबाडी आहे. शिवाय साहेब विलायतेस परतला तरी साहेबांचे पेन्शन हिंदुस्थानच्या महसुलातून जात राही. हुकवुडसारख्या शेकडो घरांतला शेकोटीचा कोळसा आपल्या रयतेच्या साऱ्यावर जळत होता, हेही विसरता कामा नये.

तरीही बाजीरावांच्या गोष्टीत एक भाग असा आहे, जो केवळ पराभवाने समजत नाही. ज्यांचे सर्वस्व गेले अशा माणसांनीही काम शोधल्याची उदाहरणे त्याच काळात आहेत. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह १८३९ मध्ये पदच्युत होऊन काशीस धाडले गेले, आणि त्यांचे वकील रंगो बापूजी त्यांची कैफियत घेऊन लंडनला जाऊन बसले. हे गृहस्थ तेथे सुमारे चौदा वर्षे राहिले. १८४७ साली धनी काशीत वारले, १८४८ साली राज्य खालसा झाले, पैसा संपला, कर्ज झाले. तरी हा मनुष्य कंपनीच्या भागीदारांच्या सभांतून, पत्रकांतून, अर्जांतून भांडत राहिला आणि १८५३ च्या अखेरीस परत निघाला. परदेशात राहावे की राहू नये, हा प्रश्न त्यांनी हवापाण्यावरून सोडविला नाही. काम होते तोवर राहिले. काम संपले असे दिसताच दुसरे काम हाती घेण्यासाठी परतले. ते दुसरे काम १८५७ चे होते. त्यात त्यांचा मुलगा फाशी गेला आणि ते स्वतः बेपत्ता झाले ते कायमचे. यश त्यांना दोन्हीकडे आले नाही. पण त्या चौदा वर्षांतला प्रत्येक दिवस त्यांचा स्वतःचा होता, असे आम्हांला वाटते.

हाच तो कोरा रकाना. राहावयाच्या ठिकाणाविषयी आपण हवा विचारतो, पैसा विचारतो, वैद्य विचारतो. सकाळी उठल्यावर तेथला दिवस कोणाचा असेल, हे विचारीत नाही. तो आपला असेल, की ज्याच्या अन्नावर आपण आहोत त्याचा? बाजीरावांच्या बिठूरच्या दिवसांवर कमिशनरची नजर होती, खर्चावर आश्रितांचा डोळा होता, आणि त्यांच्या स्वतःच्या वाट्याला त्यातले फार थोडे येत होते.

या रकान्याची दुसरी बाजूही आहे. निर्णय आपण घेतो. त्याची किंमत पुष्कळदा पुढची पिढी देते. ब्रह्मावर्ताच्या वस्तीत मुले वाढत होती. कर्जतजवळच्या वेणगावाहून माधवराव नारायण भट आपले कुटुंब घेऊन तेथे गेले होते; त्यांच्या मुलाला बाजीरावांनी १८२७ साली दत्तक घेतले, तेच नानासाहेब. चिमाजी आप्पांच्या पदरी असलेले मोरोपंत तांबे धन्याच्या मृत्यूनंतर काशीहून बिठूरला आले. त्यांची मुलगी मनकर्णिका पुढे झाशीची राणी झाली. येवल्याकडचे पांडुरंगपंत टोपे पेशव्यांबरोबर गेले होते. त्यांचा मुलगा तात्या. ही मुले दक्षिणेच्या गोष्टी ऐकत उत्तरेच्या मातीत वाढली. त्यांना वडिलांसारखी पुण्याची आठवण नव्हती आणि कानपूरकडचे लोक त्यांना दक्षिणी म्हणत. परक्या ठिकाणी वाढलेल्या दुसऱ्या पिढीचे हे कोडे जुनेच आहे.

जानेवारी १८५१ मध्ये बाजीराव शहात्तराव्या वर्षी वारले, आणि पेन्शन थांबले. नानासाहेबांचे म्हणणे असे की, करारात "कुटुंबाच्या निर्वाहासाठी" असे शब्द आहेत, तेव्हा कुटुंब आहे तोवर निर्वाह चालला पाहिजे. लॉर्ड डलहौसीने उत्तर दिले की, तेहतीस वर्षांत पेशव्याला अडीच कोटींहून अधिक रुपये पोहोचले, औरस मुलगा त्याला नाही, आणि मागे अठ्ठावीस लाखांची मालमत्ता त्याने ठेवली आहे. आता आणखी काही देणे लागत नाही. १८५३ मध्ये अजीमुल्लाखान लंडनला दाद मागण्यास गेले आणि हात हलवीत परतले. पुढचे सर्वांना माहीत आहे. जुलै १८५७ मध्ये हॅवलॉकच्या फौजेने बिठूरचा वाडा जाळला. संगमावरच्या बंगल्यानंतर चाळीस वर्षांनी पेशव्यांचे दुसरे बिऱ्हाडही राख झाले. तेथली हजारो माणसे कोठे पांगली त्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही. १८१८ साली एका तंबूत लिहिलेल्या दोन शब्दांचा अर्थ नीट ठरवून न घेतल्याची ती किंमत होती.

एल्फिन्स्टनने मागे ठेवलेली गोष्ट निराळ्या प्रकारची होती, आणि तिचा शेवट त्याच्या कल्पनेपेक्षाही मोठा झाला. त्याच्या नावाच्या विद्यालयात शिकलेला एक पारशी मुलगा तेथेच गणिताचा अध्यापक झाला आणि १८५५ साली व्यापारी पेढीच्या कामासाठी लंडनला गेला. मध्यंतरी स्वदेशी येणेजाणे होत राहिले तरी त्याचे आयुष्य मुख्यतः तेथेच गेले. १८९२ साली तो पार्लमेंटात निवडून आला. हे अर्थातच दादाभाई नौरोजी. हिंदुस्थानचा पैसा दरसाल विलायतेस कसा वाहून जातो, याचा हिशेब त्यांनी आयुष्यभर मांडला, आणि त्या हिशेबात निवृत्त साहेबांची पेन्शनेही होती. तंबूतल्या पुस्तकांच्या चळतीतून निघालेला राजमार्ग असा लंडनच्या सभागृहापर्यंत गेला! १९०६ साली कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून स्वराज्याचा उच्चार करून, १९०७ साली दादाभाईंनी विलायतेचा निरोप घेतला आणि मुंबईजवळ वेसाव्याच्या समुद्रकाठी येऊन राहिले. तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. पन्नास वर्षांचा शेजार, मित्र, परिचयाची हवा सारे तेथे होते. तरी ते परतले. तेथले काम त्यांनी पुरे केले होते, आणि वेसाव्यासही त्यांना भेटावयास व विचारावयास येणारी माणसे होती. ३० जून १९१७ रोजी, एक्याण्णवाव्या वर्षी, ते मुंबईत वारले.

एक परदेशातून स्वदेशी गेला तो पुस्तक लिहावयास. एक स्वदेशातून परदेशी गेला तो भांडावयास. एक परदेशी राबून उतारवयात स्वदेशी आला. या तिघांच्या दिशा एकमेकांविरुद्ध आहेत. तेव्हा परदेशी जावे की न जावे, याचे सरसकट उत्तर इतिहासात शोधू नये. ते तेथे नाही. चौथ्याला मात्र सर्व सोय असलेल्या जागी ठेवण्यात आले, आणि त्याच्याविषयी बोलताना आपण आजही "गेला" असे न म्हणता "धाडला" असे म्हणतो.

आता आरंभी सांगितलेल्या त्या घराकडे परत जाऊ. मुलाने बोलाविले आहे, आईची तयारी आहे, वडील गप्प आहेत. मुलगा म्हणजे कंपनी सरकार नव्हे. त्याच्या आग्रहात माया आहे हे आम्ही जाणतो. परंतु मायेनेही माणूस धाडला जाऊ शकतो. परक्या देशात सून-मुलगा कामावर गेल्यावर दिवसभर खिडकीशी बसून राहणारे वडील आम्ही पाहिले आहेत. मुलांच्या आग्रहाला नकार देऊन येथेच राहिलेले आणि दिवसभर तशाच एका खिडकीशी बसून राहणारेही पाहिले आहेत. दोघांच्या खिडक्यांत आम्हांला फार अंतर वाटत नाही. त्याच्या उलट, परदेशी जाऊन तेथल्या मुलांना दर रविवारी बाराखडी शिकविणाऱ्या आजीही पाहिल्या आहेत, आणि येथे राहून वाचनालयाची जुनी दप्तरे लावीत बसलेले आजोबाही पाहिले आहेत.

म्हणून आमचे सांगणे इतकेच आहे की, तिकिटे काढण्यापूर्वी त्या घरातल्या तिघांनी एकदा एकत्र बसावे. हवा, पैसा आणि दवाखाना यांचा हिशेब मांडावा. मग चौथा रकाना काढावा आणि तो वडिलांना स्वतःच्या हाताने भरू द्यावा: तेथे गेल्यावर, किंवा येथे राहिल्यावर, मी काय करणार आहे? त्याला वेळ लागेल. एकदोन महिने तो कोराच राहील. पण तो भरल्यावाचून घेतलेला निर्णय, मग तो गंगाकाठचा असो, थेम्सकाठचा असो किंवा आपल्या गावच्या ओढ्याकाठचा असो, आपण घेतलेला नसतो. आणि निर्वाहासंबंधी मुलांशी जे काही ठरेल, त्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ तेव्हाच नीट विचारून घ्यावा. बाजीरावांना तो विचारण्याची सोय नव्हती. आपल्याला आहे.